नाव नसलेला ताप

केरळमधल्या कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर पॅसेज आहे. भारतातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात तो असतो आणि तिथं कोण असतं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे: स्ट्रेचरवरचे पेशंट, त्यांच्यासोबतची दोन-तीन माणसं, केसपेपर हातात धरून नंबरची वाट पाहणारे, आणि नुसतेच भिंतीला टेकून उभे राहिलेले. ५ मे २०१८ रोजी पेरांब्रा गावाजवळचा एक तरुण इथं आणला गेला. ताप होता, शुद्ध हरपत चालली होती आणि खोकला थांबत नव्हता. मेंदूज्वर असावा असं धरून तपासण्या सुरू झाल्या. त्याच दिवशी तो गेला.

त्याच्याजवळून गेलेली, त्याच्या शेजारी ताटकळलेली माणसं आपापल्या घरी परतली. पुढच्या दोन आठवड्यांत त्यातली काही तापानं फणफणली. कुणी दुसऱ्याच आजारासाठी आलं होतं, कुणी स्वतःच्या माणसाची सोबत करायला. आधी त्या तरुणाला ठेवलं होतं त्या पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातही असंच घडलं. नंतरच्या शास्त्रीय अभ्यासानं या साथीची साखळी जोडली तेव्हा एकूण २३ रुग्ण निघाले. त्यांपैकी १८ जणांचं निदान प्रयोगशाळेत सिद्ध झालं होतं. वाचले फक्त दोघे, त्यातली एक नर्सिंगची विद्यार्थिनी. पहिल्या तरुणाला निपाहचा विषाणू वटवाघळांकडून आला असावा असं मानलं जातं. पुढचा जवळपास सगळा प्रसार तीन रुग्णालयांत झाला. रानातून आलेला रोग गावात पसरला नाही. जिथं बरं होण्यासाठी जातात तिथं तो पसरला.

या लेखात मला या शेवटच्या वाक्याबद्दलच लिहायचं आहे. साथ म्हटली की आपण लस, औषध, प्रयोगशाळा, विमानतळावरची तपासणी यांबद्दल बोलतो. रुग्णालयाची इमारत, तिथली हवा, तिथला नळ आणि वॉर्डातल्या मावशी यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. निपाहचा भारतातला इतिहास पाहिला तर माणसं वाचली किंवा गेली ती बरीचशी याच गोष्टींमुळे.

निदानाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती अभिमानाची आहे. १७ मेच्या सुमारास त्या तरुणाचा भाऊ कोझिकोडच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाला. अतिदक्षता विभागाचे डॉ. अनूप कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की याच घरातला एक जण दोन आठवड्यांपूर्वी अशाच तापानं गेला आहे आणि घरातली इतर माणसंही आजारी आहेत. एका घरात एकामागोमाग एक मेंदूज्वर हे नेहमीचं चित्र नव्हतं. नमुने मणिपालला डॉ. जी. अरुणकुमार यांच्या प्रयोगशाळेत गेले, तिथून पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या एनआयव्हीत. दोन-तीन दिवसांत शिक्कामोर्तब झालं. केरळच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा आणि जिल्हा प्रशासनानं अडीच हजारांहून अधिक संपर्कातल्या माणसांची यादी करून त्यांच्यावर रोजच्या रोज लक्ष ठेवलं. जूनअखेर साथ संपल्याचं जाहीर झालं.

हा वेग किती मोलाचा होता ते कळण्यासाठी सतरा वर्षं मागं जावं लागतं. २००१च्या जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत असाच ताप आला होता. ६६ जणांना लागण झाली, ४५ दगावले. लागण कुठून झाली हे ज्यांच्याबाबत शोधता आलं त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा धागा रुग्णालयात पोहोचत होता: ते तिथले कर्मचारी होते किंवा तिथं कुणाला तरी भेटायला, सोबत करायला गेलेले. त्या वेळी हा कुठला रोग हे कुणालाच कळलं नव्हतं. जपून ठेवलेल्या नमुन्यांची नंतर पुन्हा तपासणी झाली, आणि तो निपाह होता हे सविस्तर सांगणारा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिलं नाव होतं पुण्याच्या एनआयव्हीतल्या डॉ. मनदीप चढ्ढा यांचं. म्हणजे धडा लिहिलेला होता आणि तो पुण्यातच लिहिला गेला होता. रुग्णालयांपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. कोझिकोडच्या पॅसेजमध्ये २०१८ साली जे घडलं ते सिलिगुडीत आधीच घडून गेलं होतं.

पेरांब्राच्या रुग्णालयात लिनी पुदुशेरी नावाची परिचारिका होती. कायम नोकरीत नव्हती. पती आखातात, घरी दोन लहान मुलं. त्या पहिल्या रुग्णाची शुश्रूषा तिनं केली आणि २१ मेला ती गेली. घरच्यांना तिचं नीट अंत्यदर्शनही घेता आलं नाही. तिच्याबद्दल देशभर लिहून आलं, सरकारनं कुटुंबाला मदत दिली, पतीला नोकरी दिली. हे सगळं योग्यच झालं. पण त्याच दिवसांत पेरांब्राच्या इतर परिचारिकांना लोक टाळत होते, आणि स्मशानातले कामगार मृतदेहांना हात लावायला कचरत होते. त्या कामगारांना मी दोष देणार नाही. हात कसा लावायचा आणि स्वतःला कसं जपायचं हे त्यांना आधी कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी कोझिकोड महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. आर. एस. गोपकुमार स्वतः पुढं उभे राहिले आणि अंत्यविधी पार पडले.

आपल्याकडे शुश्रूषा करता करता गेलेल्यांची आठवण काढायची तर १० मार्च १८९७ ही तारीख आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी त्यांच्या दत्तक मुलानं, डॉ. यशवंतनं, उघडलेल्या दवाखान्यात त्या काम करत होत्या. काही वर्षांनी यशवंतलाही प्लेगनंच नेलं. त्या काळी माणसाकडे ना प्रतिजैविक होतं ना रोग नेमका कसा पसरतो याची पुरती समज. त्यांच्या त्यागापुढं डोकं टेकवावं. मात्र २०१८ साली रुग्णालयातल्या परिचारिकेच्या वाट्याला तोच त्याग यावा हे मला मान्य होत नाही. तिला शहीद म्हणताना आपण तिला मास्क, मोकळी खोली आणि दोन तासांचं प्रशिक्षण द्यायला चुकलो हे झाकलं जातं.

केरळनं मात्र ते झाकलं नाही, हे तिथल्या लोकांचं मोठेपण. ताप आणि खोकल्याच्या रुग्णांची वेगळी वाट, विलगीकरणाच्या खोल्या, मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णाबाबत निपाहची शंका, संपर्क शोधण्याची ठरलेली पद्धत, रंगीत तालीम. २०१९च्या जूनमध्ये एर्नाकुलमला एका विद्यार्थ्याला निपाह झाला. तो वाचला आणि त्याच्यापासून एकालाही लागण झाली नाही. २०२१च्या सप्टेंबरमध्ये कोझिकोडमधला बारा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्यापासूनही कुणाला नाही. २०२४ मध्ये मलप्पुरमला दोघे दगावले, साखळी तिथंच तुटली.

यांच्यामध्ये २०२३ आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारं वर्ष तेच. ३० ऑगस्टला कोझिकोड जिल्ह्यात एक गृहस्थ रुग्णालयात वारले. त्यांना आधीचे आजार होते, त्यामुळे मृत्यूचं कारण वेगळं धरलं गेलं. निपाह कुणाच्या मनात आला नाही. मग त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मेव्हणा आजारी पडले, आणि पुन्हा एकदा डॉ. अनूप कुमार यांच्याच चमूनं घंटा वाजवली. एकूण सहा रुग्ण निघाले, दोन मृत्यू. दुसरा मृत्यू ज्यांचा झाला ते त्याच रुग्णालयात आपल्या नातेवाइकासोबत आलेले होते. एका आरोग्य कर्मचाऱ्यालाही लागण झाली. तो मुलगा व्हेंटिलेटरवरून परत आला, हे वैद्यकाचं यश. पण जगात निपाहची सर्वांत चांगली तयारी ज्या मोजक्या जिल्ह्यांत आहे त्यातल्या एकात पहिला रुग्ण तरीही नजरेतून सुटला.

तो सुटणारच होता. पहिल्या दिवशी रोगाला नाव नसतं. निपाहचा पहिला दिवस डेंग्यूसारखा, फ्लूसारखा, साध्या तापासारखा दिसतो. म्हणून ‘निपाह आला की काय करायचं’ या फायलीचा पहिल्या रुग्णासाठी उपयोग नसतो. ती फाइल उघडेपर्यंत आठवडा गेलेला असतो. उपयोग होतो तो कुठल्याही खोकणाऱ्या, तापलेल्या माणसाशी रुग्णालय रोज कसं वागतं याचा. केसपेपरच्या खिडकीशी ‘खोकला आहे का’ हा प्रश्न विचारला जातो का? हो म्हणणाऱ्याला तिथंच मास्क देऊन वेगळ्या बाकावर बसवलं जातं का? गेल्या महिन्यात कुठं जाऊन आलात, घरात आणखी कुणी आजारी आहे का, हे केसपेपरवर लिहिलं जातं का, आणि लिहिलेलं डॉक्टरपर्यंत पोहोचतं का? या प्रश्नांना पैसा लागत नाही, खिडकीशी बसलेल्या माणसाला थोडा वेळ आणि थोडा मान लागतो.

निपाह भयंकर आहे. लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक सहसा वाचत नाहीत, आणि त्यावर सिद्ध झालेलं औषध किंवा परवाना मिळालेली लस नाही. पण शरीराबाहेर तो नाजूक असतो. त्याच्याभोवती चरबीचं पातळ आवरण आहे आणि ते साबणानं विरघळतं. रुग्णाच्या पलंगाचा कठडा, चादर, थुंकीचं भांडं, नाकातल्या नळीला लागलेला हात हे त्याचे मार्ग. हे सगळे मार्ग साबण, पाणी, ब्लीचिंग पावडर आणि हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण यांनी बंद होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं त्या द्रावणाची कृती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे: ८० टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. जिल्हा रुग्णालयाच्या फार्मसीत ते बनू शकतं. ते चोळायला वीस-तीस सेकंद पुरतात. साबणानं हात धुण्याचा सगळा विधी मिनिटभराचा. पण चाळीस पेशंटच्या वॉर्डात दोन सिस्टर असतील आणि बेसिन पॅसेजच्या टोकाला असेल तर प्रत्येक पेशंटनंतर ते मिनिट आणायचं कुठून? इंडियन नर्सिंग कौन्सिलचं जुनं मानक सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं सांगतं. हात न धुणं याला आपण निष्काळजीपणा म्हणतो. बहुतेक वेळा तो मनुष्यबळाचा हिशेब असतो.

हवेचा विषय थोडा सावकाश मांडावासा वाटतो, कारण त्यात आपण मागं गेलो आहोत. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या विलगीकरण खोलीत तासाला बारा वेळा हवा पूर्ण बदलावी असं शास्त्र सांगतं. खोलीतली हवा पॅसेजकडे न येता बाहेर फेकली जावी यासाठी आतला दाब किंचित कमी ठेवतात. दाराच्या फटीशी पातळ कागदाची पट्टी धरली आणि ती आत ओढली गेली की खोली नीट चालते आहे असं समजावं. बाहेर फडफडली की नाही. हे यंत्र महाग असतं आणि देखभाल नसेल तर वर्षभरात नुसती शोभा उरते. पण समोरासमोर मोठ्या खिडक्या, उंच छत आणि वर झरोके असलेल्या वॉर्डात वारा असताना बारापेक्षा कितीतरी जास्त वेळा हवा बदलते. आपल्या जुन्या सरकारी इमारती अशाच बांधलेल्या होत्या. नंतर त्या वॉर्डांना खोटं छत आलं, खिडक्या बंद झाल्या, भिंतीवर स्प्लिट एसी बसले. हा एसी तीच हवा थंड करून पुन्हा त्याच खोलीत सोडतो. क्षयरोगाचा रुग्ण तिथं खोकत असेल तर त्याच्या शेजारचा, त्याला इंजेक्शन देणारी सिस्टर आणि फरशी पुसणारे मामा सगळे तीच हवा घेतात. आपल्याकडे परिचारिका आणि निवासी डॉक्टरांना क्षयरोग होतो हे प्रत्येक मेडिकल कॉलेजात माहीत असतं आणि बहुतेकदा दबक्या आवाजात सांगितलं जातं. निपाह येईल तेव्हा येईल. क्षयरोग रोज ओपीडीत बसलेला आहे, आणि ज्या रुग्णालयाची हवा क्षयरोगासाठी सुधारली त्याची अर्धी तयारी झाली.

पीपीई किटबद्दल कोविडनं आपल्याला बरंच शिकवलं, तरी एक गोष्ट अजून पुरती रुजलेली नाही. धोका ते घालताना कमी असतो, काढताना जास्त. तासन् तास घामानं भिजलेला, चष्म्यावर वाफ धरलेला माणूस कधी एकदा हे उतरवतो या घाईत असतो, आणि नेमका तेव्हाच बाहेरचा मळ हाताला आणि हात चेहऱ्याला लागतो. म्हणून काढण्याचा क्रम ठरलेला असतो: हातमोजे आणि गाऊन, मग चष्मा, आणि मास्क सगळ्यात शेवटी, खोलीच्या बाहेर आल्यावर. प्रत्येक पायरीनंतर हात स्वच्छ करायचे. शेजारी एक जण उभा राहून नुसतं पाहत असतो आणि चूक दिसली की थांबवतो. या पाहणाऱ्याला वय, हुद्दा काही पाहायची मुभा नसावी. मोठ्या डॉक्टरांनाही ‘सर, थांबा’ म्हणायची त्याला परवानगी असली पाहिजे. आपल्या रुग्णालयांत हे जमवणं किट विकत घेण्यापेक्षा अवघड आहे. ते तालमीनंच जमतं, आणि तालीम वर्षातून एकदा फोटोपुरती झाली तर हात ते विसरतात.

आता नातेवाइकांचा प्रश्न. आपल्याकडे पेशंटसोबत माणूस लागतोच. औषध आणायला, बेडपॅन द्यायला, भात भरवायला, रात्री सिस्टरला हाक मारायला. रुग्णालय या माणसाच्या जिवावर चालतं आणि त्याला कुठल्याही यादीत धरत नाही. दक्षिण कोरियातही घरचा माणूस पेशंटसोबत राहण्याची रीत आहे. २०१५ साली तिथं मर्स हा श्वसनाचा रोग आला. सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटर या नावाजलेल्या रुग्णालयात एक रुग्ण आपत्कालीन विभागात तीन दिवस होता. त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली: ३३ रुग्ण, ८ कर्मचारी आणि ४१ नातेवाईक व भेटायला आलेले. देशभरात १८६ जणांना मर्स झाला, ३८ दगावले. यंत्रसामग्रीत ते रुग्णालय कुठंही कमी नव्हतं. गर्दीची जागा मात्र कुणी रोखलेली नव्हती. त्यानंतर कोरियानं आपत्कालीन विभागातल्या सोबत्यांच्या संख्येवर बंधनं आणली.

आपण सोबतीचा माणूस काढून टाकू शकत नाही, कारण त्याचं काम करायला दुसरं कुणी नाही. पण एकाच माणसाला पास देता येतो, त्याचं नाव आणि फोन नोंदवता येतो, त्याला मास्क देता येतो. भरवल्यावर आणि पुसल्यावर साबणानं हात धुवा, पेशंटच्या पलंगावर झोपू नका, त्याचं उष्टं खाऊ नका, हे वॉर्डात शिरताना मराठीत, समजेल असं सांगता येतं. ते सांगण्यासाठी भिंतीवरचं पोस्टर पुरत नाही. मेट्रननं किंवा इन्चार्ज सिस्टरनं तोंडानं सांगावं लागतं.

महाराष्ट्र या सगळ्यापासून लांब नाही. २०२० साली एनआयव्हीच्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली, आणि काहींमध्ये निपाहचा मागमूस सापडला. आपल्याकडे माणसाला त्यातून लागण झाल्याची नोंद नाही, त्यामुळे घाबरून वटवाघळांच्या मागं लागायचं कारण नाही. ती झाडं फुलवतात, जंगल पेरतात. पण तालुक्याच्या डॉक्टरला ही माहिती असायला हवी. प्रयोगशाळेच्या बाजूनं आपण देशात पुढं आहोत. सर्वांत कडक सुरक्षेची, म्हणजे बीएसएल-४ पातळीची देशातली पहिली प्रयोगशाळा पुण्यात २०१२ साली सुरू झाली. २०११च्या जानेवारीत गुजरातमध्ये क्रिमियन-काँगो तापाचा देशातला पहिला उद्रेक ओळखला तोही एनआयव्हीनंच. त्या वेळी उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका दोघंही दगावले होते. २०२२ साली चाकांवरची बीएसएल-३ प्रयोगशाळा नाशिकमध्ये देशाला अर्पण झाली, आणि २०२३ साली ती कोझिकोडला जाऊन उभी राहिली.

मात्र नमुना पुण्याला पोहोचण्याआधी रुग्ण कुठंतरी झोपलेला असतो. मुंबईत कस्तुरबा, पुण्यात नायडू ही संसर्गजन्य रोगांची जुनी रुग्णालयं आहेत. मार्च २०२०मध्ये राज्यातले पहिले कोविडचे रुग्ण नायडूतच दाखल झाले. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. पण नाव नसलेला ताप थेट नायडूत जात नाही. तो आधी गावातल्या डॉक्टरांकडे, मग ग्रामीण रुग्णालयात, मग तालुक्याच्या खासगी नर्सिंग होममध्ये जातो. आणि पैसेवाल्या रुग्णालयात जाऊन तो आपोआप सुरक्षित होत नाही: एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि इमारत बंद करावी लागली.

केंद्र सरकारनं जानेवारी २०२० मध्ये रुग्णालयांतल्या संसर्ग नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक रुग्णालयात समिती, प्रशिक्षित परिचारिका, नोंदी, सगळं त्यात आहे. प्रत्यक्षात संसर्ग नियंत्रणाची जबाबदारी अनेकदा आधीच वॉर्ड सांभाळणाऱ्या एखाद्या सिस्टरच्या गळ्यात जादा काम म्हणून पडते. त्या पदाला स्वतंत्र वेळ, स्वतंत्र पगार आणि वॉर्ड बंद करण्याचा अधिकार हवा.

सफाई कामगाराबद्दल आजवर सगळ्यात कमी विचार झाला आहे. ओकारी तो पुसतो, चादर तो उचलतो, पिवळी पिशवी तो बांधतो आणि मृतदेह ट्रॉलीवर तोच घेतो. तो बहुतेकदा कंत्राटदाराचा माणूस असतो. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. जाड हातमोजे आणि गमबूट साठ्यात असतात, त्याच्या पायात नसतात. निपाहच्या संपर्कात आलेल्याला २१ दिवस घरी थांबायला सांगतात. रोजंदारीवरच्या माणसानं २१ दिवस घर कसं चालवायचं? ताप आला तर तो सांगणार नाही, कारण सांगितलं की हजेरी कापली जाते. क्रोसिन घेऊन तो कामावर येईल आणि वॉर्डावॉर्डांतून फिरेल. त्याची भरपगारी रजा आणि विमा कंत्राटाच्या मसुद्यात मास्क आणि सॅनिटायझरच्या शेजारी संसर्ग नियंत्रणाचा खर्च म्हणून लिहिली गेली पाहिजे, आणि निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यानं ती कलमं आहेत की नाहीत हे सही करण्याआधी तपासलं पाहिजे.